पाटीवरचा पत्ता: युरोपातली संग्रहालयं आणि इतिहासाच्या जागा जोडून कशा पाहाव्यात

युरोपातल्या मोठ्या संग्रहालयांमधल्या बहुतेक वस्तू संग्रहालयासाठी घडवलेल्याच नव्हत्या. कुठली घराच्या भिंतीवरून कापून आणलेली, कुठली देवळाच्या माथ्यावरून उतरवलेली, कुठली समुद्राच्या तळातून वर काढलेली. काचेआड ती एकटी पडते. आपण "छान आहे" म्हणतो आणि पुढच्या काचेकडे सरकतो. सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे सहल शहरांच्या यादीवर न आखता जोड्यांवर आखायची: एक वस्तू आणि ती जिथून उचलली ती जागा. आठ-दहा दिवसांच्या प्रवासात अशा तीन जोड्या भरपूर झाल्या. चौथी घुसवली की पहिल्या तिन्हींची घाई होते.

जोडी शोधायला पाटीवरची सगळ्यात बारीक ओळ वाचायची. वस्तूचं नाव ठळक असतं, काळ त्याखाली, आणि तळाशी सापडल्याची जागा व नोंदणी क्रमांक. बहुतेक लोक पहिल्या ओळीवर थांबतात. मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर संग्रहाची सूची खुली असते, तिथं हीच माहिती निघण्यापूर्वी घरबसल्या मिळते. दहा वस्तू निवडा, प्रत्येकीची मूळ जागा एका वहीत लिहा आणि ज्यांच्या जागा तुमच्या वाटेवर पडतात त्या ठेवून बाकीच्या खोडून टाका.

नेपल्स आणि पोम्पेई: एक जोडी सविस्तर

सुरुवातीला हीच जोडी घ्यावी, कारण इथं पत्ता अक्षरशः पत्ता असतो. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पोम्पेईचं उत्खनन १७४८ मध्ये सुरू झालं. सापडलेली उत्तमोत्तम भित्तिचित्रं, मोझेक आणि पुतळे काढून नेले गेले, आणि त्यातले बहुतेक आज नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. पुढं एकोणिसाव्या शतकात जुझेप्पे फियोरेल्ली यांनी शहराचे नऊ विभाग पाडले, प्रत्येक विभागातल्या इमारतींच्या चौकांना क्रमांक दिले आणि चौकातल्या प्रत्येक दाराला आणखी एक. त्यामुळे कुठल्याही घराचा पत्ता तीन आकड्यांत मावतो. 'फॉनचं घर' (फॉन म्हणजे रोमन रानदेव) म्हणजे विभाग ६, चौक १२, दार २. विभागाचा आकडा रोमन अंकांत लिहितात, तेवढं लक्षात ठेवा.

आधी संग्रहालय की आधी शहर? आधी संग्रहालय. उलट क्रमानं गेलात तर पोम्पेईत रिकाम्या भिंती दिसतात आणि तिथं काय होतं हे दुसऱ्या दिवशी कळतं. तोवर भिंत डोळ्यांपुढून गेलेली असते. संग्रहालयाला मंगळवारी सुट्टी असते, म्हणून सोमवारी दुपारी संग्रहालय आणि मंगळवारी सकाळी पोम्पेई हा मेळ चांगला बसतो. संग्रहालयात पाच-सहाच वस्तू धरा आणि ज्यांच्या पाटीवर तीन आकडी पत्ता असेल त्याचा फोटो काढा. पत्ता नसेल तर घराचं नाव तरी असतंच, तेही चालतं.

पोम्पेईचं तिकीट नावावर निघतं आणि दारात ओळखपत्र बघतात, म्हणून पासपोर्टवर आहे तसंच नाव भरा. नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० लोकांचीच मर्यादा आहे. उन्हाळ्यात ऐनवेळी गेलं की तिथंच गाडं अडतं. नेपल्सच्या गारिबाल्दी स्थानकाखालून चिरकुमवेसुवियाना नावाची लोकल गाडी सुटते. तिनं 'पोम्पेई स्कावी – विला देई मिस्तेरी' या स्थानकावर उतरायचं. साधारण ३५ ते ४० मिनिटं लागतात. नुसतं 'पोम्पेई' नाव असलेलं वेगळं स्थानक नव्या गावात आहे. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये ते आधी दिसतं आणि पुष्कळ जण तिथंच उतरतात. बरोबर स्थानकावर उतरलात तर पोर्ता मरीनाचं प्रवेशद्वार समोरच.

आत शिरताना नकाशा मागून घ्या. त्यावर विभाग आणि चौकांचे आकडे छापलेले असतात, आणि वहीतले पत्ते आता उपयोगी पडतात. सगळी घरं रोज उघडी नसतात, आळीपाळीनं उघडतात. त्या दिवशीची यादी सकाळीच पाहून घ्या, नाहीतर पत्ता शोधत जाल आणि कुलूप बघून परताल. रस्त्याचे दगड ओबडधोबड आहेत, सावली नावाला. रबरी जाड तळव्याचे बूट, टोपी आणि भरून घेता येईल अशी बाटली. रस्त्यांवर पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. एप्रिल ते ऑक्टोबर शहर ९ ते ७ उघडं असतं आणि शेवटचा प्रवेश साडेपाचला. हिवाळ्यात ५ ला बंद होतं आणि शेवटचा प्रवेश साडेतीनला.

फॉनच्या घरात दाराशीच जमिनीवर लॅटिनमध्ये 'हावे' लिहिलंय, म्हणजे 'या'. आत अंगणातल्या हौदात नाचणाऱ्या फॉनचा छोटा पुतळा दिसेल. ती प्रतिकृती, खरा काल नेपल्सला पाहिलेला. मागे गेलात की अलेक्झांडरच्या लढाईच्या मोझेकची प्रतिकृती जमिनीवर आहे. मूळ मोझेक १८३१ मध्ये इथं सापडलं आणि पुढं नेपल्सला नेऊन भिंतीवर उभं केलं. इथं एक गोष्ट आपोआप कळते जी संग्रहालयात कळत नाही: हे चित्र भिंतीवरचं नव्हतंच, पायाखालचं होतं, आणि घरमालक पाहुण्यांना घेऊन त्याच्या कडेला बसत असणार. वरून खाली बघताना घोड्यांचे पाय आणि पडलेली माणसं वेगळीच दिसतात.

दुसरा पत्ता पावाचा. संग्रहालयातला कोळसा झालेला गोल पाव आठ फोडींत चिरलेला आहे. असे पाव मोडेस्तुसच्या भट्टीत एकदम ८१ सापडले होते: विभाग ७, चौक १, दार ३६. तिथं ज्वालामुखी दगडाची जाती उभी आहेत. खाली शंकू, वर डमरूच्या आकाराचा दगड आणि त्यात लाकडी दांडा अडकवायच्या चौकोनी खाचा. जनावर दांड्याला जुंपून गोल फिरवायचे. भोवतीच्या फरसबंदीकडे नक्की बघा. भट्ट्यांच्या अंगणात माती नसून दगड बसवायचं कारण तेच.

जाता जाता रस्त्यावर दोन गोष्टी पाहा, त्यांना पाटी नाही. नळाच्या दगडी हौदाच्या काठावर एका बाजूला गुळगुळीत खोलगट भाग दिसतो. लोक एक हात तिथं टेकून पाण्याला वाकायचे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या तळहातांनी दगड झिजला. आपला हात ठेवला की बरोबर बसतो. दुसरी म्हणजे रस्ता ओलांडायचे उंच दगड. त्यांच्या मधल्या फटींतून गाडीची चाकं जायची आणि चाकोऱ्या दगडात कोरल्या गेल्यात. दगड उंच, कारण रस्त्यावरून सांडपाणी वाहायचं.

दिवस शिल्लक असेल तर त्याच लोकलनं एर्कोलानो स्कावीला उतरून हर्क्युलेनियम पाहा. पोम्पेईवर हलक्या दगडांचा पाऊस पडून छपरं कोसळली. हर्क्युलेनियमवर तापलेल्या राखेचा आणि वायूचा लोट आला, लाकूड जळून नाहीसं होण्याऐवजी कोळसा होऊन टिकलं. म्हणून इथं वरचे मजले, दारं, पलंगाच्या चौकटी दिसतात. गाव छोटं, गर्दी कमी, अर्ध्या दिवसात होतं. आमच्या मते एकच निवडायचं असेल आणि मुलं बरोबर असतील तर हेच निवडा.

उद्रेकाची तारीख पुस्तकांत २४ ऑगस्ट असते. २०१८ मध्ये एका भिंतीवर कोळशानं लिहिलेली ऑक्टोबरमधली नोंद सापडली, आणि कोळसा फार दिवस टिकत नाही. तेव्हापासून अनेक अभ्यासक शरद ऋतूकडे झुकलेत. गाइड ऑगस्ट म्हणाला तर तो चुकीचाच आहे असं नाही, जुनं सांगतोय एवढंच.

पाटी वाचताना कुठं घसरतो

इटालियन पाटीवर काळापुढं 'ए' आणि 'सी' अक्षरं असतील तर ते 'अवांती क्रिस्तो', म्हणजे इसवी सनापूर्वी. 'डी' आणि 'सी' असतील तर 'दोपो क्रिस्तो', म्हणजे इसवी सन. घाईत पहिल्याला लोक इसवी सन समजतात आणि चारशे-पाचशे वर्षांचा घोळ होतो. जर्मन पाटीवर 'फोर' म्हणजे पूर्व, 'नाख' म्हणजे नंतर. इटालियन 'क्वात्रोचेंतो'चा शब्दार्थ चारशे, पण मोजायचं १४०० ते १४९९, म्हणजे आपल्या भाषेत पंधरावं शतक.

तारखांचं प्रकरण त्याहून खोल. इटली, स्पेन आणि पोर्तुगालमध्ये १५८२ साली ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर उजाडला. ब्रिटननं हेच १७५२ मध्ये केलं, स्वीडननं १७५३ मध्ये, रशियानं १९१८ मध्ये. म्हणून एकाच लढाईच्या दोन देशांत दोन तारखा सापडतात, आणि रशियाची 'ऑक्टोबर क्रांती' आजच्या पंचांगाप्रमाणे ७ नोव्हेंबरला पडते. दोन पाट्या जुळल्या नाहीत तर चूक धरण्याआधी दहा-अकरा दिवसांचा फरक आहे का ते पाहा. विसाव्या शतकासाठी तेरा.

गावांची नावंही बदलतात. ब्रेसलाउ म्हणजे आजचं व्रोत्स्वाव, डान्त्सिग म्हणजे ग्दान्स्क, लेम्बर्ग म्हणजे ल्विव, प्रेसबुर्ग म्हणजे ब्रातिस्लावा. जुन्या नकाशातलं गाव आजच्या नकाशात नाही म्हणजे ते बुडालं असं नाही. आणि इटलीतल्या रेल्वेच्या फलकावर 'मोनाको' दिसलं तर गाडी बहुधा म्युनिकची आहे.

नोंदणी क्रमांक नीरस दिसतो, पण तोच सगळ्यात बोलका. ब्रिटिश म्युझियममध्ये बऱ्याच वस्तूंच्या क्रमांकाची सुरुवात नोंद झालेल्या साली होते, मग महिना-दिवस. अथेन्सच्या पार्थेनॉन देवळातल्या शिल्पांवर १८१६,०६१० दिसतं: ब्रिटिश सरकारनं ती अथेन्सहून उतरवून आणणाऱ्या लॉर्ड एल्गिनकडून विकत घेतली ते साल. पॅरिसच्या लूव्रमध्ये चित्राच्या क्रमांकाआधी 'एमएनआर' असेल तर ते दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतून परत आणलेलं आणि खरे मालक न सापडलेलं चित्र. फ्रान्सच्या ताब्यात अशा दोन हजारांहून अधिक वस्तू आहेत. ती फ्रान्सच्या मालकीची नाहीत, सांभाळायला आहेत. एखाद्या साध्याशा निसर्गचित्रापुढं ही तीन अक्षरं वाचली की पाय थबकतो.

अथेन्समध्ये हाच पत्ता उलटा वाचायचा. अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर पार्थेनॉनचा शिल्पपट्टा मूळ देवळाच्याच दिशेनं आणि मापानं मांडलाय. मधाच्या रंगाचे तुकडे खरे, पांढरेफटक प्लास्टरचे. पांढरा दिसला की मूळ दुसरीकडे आहे, बहुतेकदा लंडनमध्ये. खालच्या दालनात अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवरच्याच एरेक्थिऑन देवळाच्या पाच स्त्री-स्तंभमूर्ती आहेत, सहावी ब्रिटिश म्युझियममध्ये. इथं त्यांच्या मागे जाऊन उभे राहा. प्रत्येकीची जाड वेणी वेगळी गुंफलीय. ती निव्वळ शोभा नाही: एवढ्या बारीक मानेवर छत तोलायचं तर दगडाची जाडी कुठंतरी लपवायला हवी होती. टेकडीवर गेल्यावर देवळात ज्या दिसतात त्या सहाही प्रतिकृती. टेकडीच्या तिकिटाला वेळ ठरलेली असते. उन्हाळ्यात सकाळी ८ चाच घ्या, दुपारी संगमरवर तव्यासारखा तापतो.

सुट्ट्या, तिकिटं

लूव्र मंगळवारी बंद, पॅरिसचंच ओर्से सोमवारी, फ्लॉरेन्सचं उफीझी सोमवारी, माद्रिदचं रेना सोफिया मंगळवारी. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद. अपवाद महिन्याच्या शेवटच्या रविवारचा: तो फुकट आणि म्हणूनच टाळावा असा. इटलीतली सरकारी संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट, तिथंही तेच. माद्रिदचं प्रादो मात्र सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ८ फुकट असतं, आणि एकच दालन बघायचं असेल तर ही वेळ उत्तम. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री ९ पर्यंत उघडं असतं. सहानंतर सहली निघून जातात.

अ‍ॅम्स्टरडॅममधल्या अ‍ॅन फ्रँकच्या घराची तिकिटं फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांची खुली होतात. मिलानमधलं लिओनार्दोचं 'शेवटचं भोजन' बघायला १५ मिनिटं मिळतात. पास काढलाय म्हणून वेळ राखून ठेवायची गरज नाही, हा समज महाग पडतो: पॅरिसच्या म्युझियम पासवाल्यांनाही लूव्रची वेळ वेगळी नोंदवावी लागते. आणखी एक गफलत वयाची. '२६ वर्षांखालील मोफत' ही सवलत बहुधा युरोपीय संघातल्या रहिवाशांनाच असते. लूव्रमध्ये किंवा इटलीच्या सरकारी संग्रहालयांत १८ खालच्यांना मात्र देश न बघता मोफत प्रवेश आहे. तिकीट नेहमी संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढा. शोधयंत्रात वर दिसणारी दुकानं तेच तिकीट चढ्या भावानं विकतात आणि नाव बदलून देत नाहीत.

आत गेल्यावर

दीड-दोन तासांनी डोळे बघतात पण मेंदू घेत नाही. दिवसाला एकच मोठं संग्रहालय. पहिली पंधरा मिनिटं न थांबता फिरा, मग ठरवलेल्या तीन वस्तूंपुढं प्रत्येकी वीस मिनिटं. पाटी शेवटी वाचा. आधी वाचली की डोळा पाटीत लिहिलेलंच शोधतो. पेन्सिल आणि छोटी वही ठेवा. पेनाला बऱ्याच ठिकाणी हरकत घेतात. चित्र काढता येत नसेल तरी चालेल, रेघा मारताना हात कुठं अडतो तिथं काहीतरी बघायचं राहिलेलं असतं.

एकाच वस्तूसाठी अख्खं संग्रहालय बघायचं तर स्टॉकहोमचं वासा. हे युद्धजहाज १० ऑगस्ट १६२८ रोजी (जुन्या पंचांगानं) पहिल्याच सफरीत जेमतेम १३०० मीटर जाऊन बुडालं आणि १९६१ मध्ये वर काढलं. बाल्टिकचं पाणी मचूळ आहे, त्यात लाकूड पोखरणारा समुद्री किडा जगत नाही. म्हणून लाकूड टिकलं. तळमजल्यापासून सुरुवात करा आणि तोफांच्या खिडक्यांकडे बघा. झडपांच्या आतल्या बाजूला सिंहाचे चेहरे आहेत, म्हणजे झडप उघडली की शत्रूला जबडे दिसावेत. त्याच उघड्या खिडक्यांतून पाणी शिरलं. सुतारांच्या मोजपट्ट्याही सापडल्या. काही बारा इंची स्वीडिश फुटाच्या, काही अकरा इंची अ‍ॅम्स्टरडॅमच्या. जहाज एका बाजूला जड का झालं यावर त्या पट्ट्या बघून विचार करा. दालन अंधारं आणि गार असतं, स्वेटर जवळ असू द्या.

इमारतही पुरावा असते. बर्लिनच्या नॉयेस म्युझियमला महायुद्धात बॉम्ब लागले. डेव्हिड चिपरफील्ड यांनी केलेल्या दुरुस्तीनंतर ते २००९ मध्ये उघडलं, आणि खांबांवरचे घाव मुद्दाम तसेच ठेवलेत. इजिप्तच्या राणी नेफर्तितीच्या पुतळ्याकडे धावताना जिन्यात थांबा. शेजारचं पेर्गामोन संग्रहालय ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण बंद आहे. प्राचीन ग्रीक वेदीचा भाग २०२७ मध्ये आणि बॅबिलोनच्या इश्तार दरवाज्याचा भाग २०३७ मध्ये उघडायचं नियोजन आहे. अशा लांबलेल्या दुरुस्त्या युरोपात नेहमीच्याच, म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी 'कुठली दालनं बंद' हे पान बघा.

चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, दुपारी बरीच चर्च बंद असतात. खिशात नाणी ठेवा. रोममधल्या सान लुइजी देई फ्रांचेझीत काराव्हाज्जोची तीन चित्रं अंधाऱ्या कोपऱ्यात आहेत आणि दिवा नाणं टाकल्यावर थोडा वेळच लागतो. दुसऱ्या कुणी टाकलेल्या नाण्यावर बघायचा मोह होतो, पण ऐन तपशिलावर दिवा विझतो. रंगीत काचांसाठी छोटी दुर्बीण न्या. पॅरिसच्या सेंत शापेलच्या खिडक्या खालून वर, डावीकडून उजवीकडे वाचायच्या. बेल्जियममधल्या घेंटच्या सेंट बाव्हो चर्चमधल्या १४३२ च्या वेदीचित्रात डावीकडचा खालचा फलक नवा आहे. मूळ १९३४ मध्ये चोरीला गेला आणि आजवर मिळालेला नाही.

ज्या जागांवर आवाज खाली येतो

पोलंडमधल्या ऑशविट्झ या नाझी छावणीत प्रवेश मोफत असला तरी नावानिशी नोंदणी लागते, आणि मार्गदर्शकाबरोबर साडेतीन तास तरी धरा. मोठी पिशवी आत नेता येत नाही. पहिली छावणी आणि बिर्केनाउ यांत सुमारे तीन किलोमीटर अंतर, मध्ये बस असते. बिर्केनाउ टाळून परतू नका. आकार तिथंच कळतो. चौदा वर्षांखालच्या मुलांना नेऊ नये असं संग्रहालयच सांगतं.

आणि शेवटची जोडी विनातिकीट, चालता चालता भेटते. जर्मनीच्या आणि इतर अनेक देशांच्या फुटपाथवर पितळेची १० बाय १० सेंटिमीटरची चौकोनी फरशी दिसते. नाझींनी ज्यांचा छळ केला त्यांच्या आठवणीसाठी, त्यांच्या राहत्या घरापुढं ती बसवतात. जर्मन कलाकार गुंटर डेम्निग यांनी १९९० च्या दशकात हे काम सुरू केलं आणि मे २०२३ मध्ये एक लाखावी फरशी न्यूरेम्बर्गमध्ये बसली. पहिली ओळ साधारण 'इथं राहत होते', मग नाव, जन्मसाल, कधी आणि कुठं नेलं, पुढं काय झालं. वाचायला वाकावंच लागतं. एका दारापुढं चार-पाच एकत्र असतील तर सगळ्यांची जन्मसालं आधी वाचा, मग नेल्याच्या तारखा. आईबाप आणि मुलं एकाच दिवशी नेलेली असतात, किंवा एखाद्या मुलाच्या फरशीवर वेगळीच ओळ असते: '१९३९, इंग्लंडला पळाला'.